डबा किती ताकदीचा, सोबत गेम कोणते?

चोपड्याहून भाच्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मामा, नव्या प्लेस्टेशनचं काही आलं का?" तो नववीत आहे. त्याच्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखलेले आहेत. डावीकडे प्रोसेसर, रॅम, टेराफ्लॉप. उजवीकडे पहिल्या दिवशी कोणते गेम येतील त्याचा अंदाज. डावा रकाना गच्च भरलाय, उजव्यात चारच नावं आहेत. त्याच्या वयाचे असताना आम्ही जळगावात दुकानाच्या काउंटरला टेकून एवढंच विचारायचो, "क्यासेटमध्ये गेम किती?" ताकदीचा प्रश्न आमच्या डोक्यातही यायचा नाही. नवा डबा, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल, येणार म्हटलं की हे दोन रकाने येतातच. ते वेगळे कसे झाले ते समजून घ्यायचं तर १९८३ पर्यंत मागे जावं लागतं.

१५ जुलै १९८३ ला निंटेंडो कंपनीनं जपानात फॅमिकॉम नावाचा डबा विकायला काढला. त्या दिवशी त्याच्यासोबत तीनच गेम होते: डाँकी काँग, डाँकी काँग ज्युनिअर आणि पोपाय. तिन्ही गेम पार्लरच्या मोठ्या मशीनवर आधीच गाजलेले. डब्याच्या आतली कामाची मेमरी दोन किलोबाइट, म्हणजे आज मोबाइलमधला एक छोटा फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही. पण हा डबा बनवणाऱ्या मासायुकी उएमुरा यांच्या डोळ्यांपुढे एक पक्कं माप होतं: पार्लरमधला डाँकी काँग घरच्या टीव्हीवर नीट चालला पाहिजे. चित्रांसाठी वेगळी चिप घातली ती त्याच हिशेबानं. म्हणजे ताकद किती हवी हे गेमनंच ठरवलं होतं. तेव्हा दोन रकाने नव्हतेच, एकच होता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या चाळीस वर्षांत जे डबे पहिल्या दिवसापासून चालले त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी हाच हिशेब सापडतो.

आमच्याकडे फॅमिकॉम त्या नावानं कधी आलाच नाही. आल्या त्या नव्वदच्या दशकातल्या त्याच्या नकला. पांढरा किंवा लाल-पांढरा डबा, दोन रिमोट, एक बंदूक आणि पिवळी क्यासेट, तिच्यावर छापलेलं '९९९९ इन १'. वायर टीव्हीच्या अँटेनाच्या खाचेत खुपसायची आणि चित्र पकडेपर्यंत चॅनेलचा खटका फिरवत बसायचं. मुंग्यांतून हळूहळू मारिओ दिसायला लागला की घरातली सगळी पोरं ओरडायची. क्यासेट लागली नाही की बाहेर काढून तिच्यात फुंकर मारायची, हे तर आम्हाला मंत्रासारखं पाठ होतं. खरं तर फुंकरीनं काही व्हायचं नाही. क्यासेट काढून पुन्हा बसवली की पितळी दात नीट टेकायचे, म्हणून ती लागायची. उलट तोंडातल्या ओलाव्यानं ते दात काळे पडायचे.

९९९९ च्या यादीत दहा-पंधरा गेम सोडले की पुढे तेच ते, नावं बदलून. पण ते दहा-पंधरा कोणते? मारिओ, काँट्रा, डक हंट, टँकचा बॅटल सिटी. सगळे ऐंशीच्या दशकातले. ३ डिसेंबर १९९४ ला जपानात पहिलं प्लेस्टेशन निघालं, तेव्हा भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत आणि धुळ्याच्या गल्ल्यांत पोरं दहा वर्षांपूर्वीची यादी खेळत होती. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. काळानं पाखडून जे उरलं तेवढंच आमच्या सुपात आलं. पहिल्या दिवशीच्या फसव्या गेमवर पैसे घालायची वेळ खान्देशातल्या पोरांवर त्या काळात आलीच नाही.

तिकडे मात्र दोन रकाने तेव्हाच वेगळे पडायला लागले होते. निंटेंडोची स्पर्धक कंपनी सेगा, तिचा मेगा ड्राइव्ह १९८८ मध्ये आला तो डब्यावरच '१६ बिट' असं सोनेरी अक्षरांत मिरवत. बिट म्हणजे प्रोसेसर एका दमात केवढा आकडा हाताळतो त्याचं माप. लोकांनी त्याचा अर्थ सरळ घेतला, दुप्पट बिट म्हणजे दुप्पट मजा. १९९३ मध्ये अटारीनं जॅग्वार आणला आणि चौसष्ट बिटांचा डंका पिटला. सोबतचा गेम सायबरमॉर्फ कुणाच्या लक्षात राहण्यासारखा नव्हता, पुढेही गेम तुरळकच आले. विक्री अडीच लाखांच्या पुढे गेली नाही. तीन वर्षांनी निंटेंडोनं नावातच ६४ घातलं, पण २३ जून १९९६ ला जपानात निंटेंडो ६४ आला तेव्हा यादी परत तीनचीच होती: सुपर मारिओ ६४, पायलटविंग्ज ६४ आणि शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ. त्यातल्या मारिओनं एकट्यानं डबा ओढला. रिमोटवरची ती नवी काडी हळू ढकलली की मारिओ चोरपावलांनी चालायचा, जोरात ढकलली की पळायचा. रिमोट आणि गेम एकमेकांच्या मापानं घडले होते.

सेगाच्या सॅटर्नची गोष्ट थोडी रेंगाळून सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत तो सप्टेंबर १९९५ मध्ये येणार असं जाहीर झालं होतं. प्लेस्टेशनच्या आधी बाजार धरायचा म्हणून ११ मे १९९५ ला लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनात सेगानं सांगितलं की डबा आजपासूनच दुकानांत आहे, किंमत ३९९ डॉलर. बाहेरच्या कंपन्या सप्टेंबर धरून गेम बनवत होत्या, त्यांचं काहीच तयार नव्हतं. ज्या दुकानदारांना माल मिळाला नाही ते चिडले. त्याच दिवशी प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीचा माणूस व्यासपीठावर आला, '२९९' एवढा आकडा उच्चारला आणि खाली उतरला. सॅटर्न आत दोन प्रोसेसर घेऊन आला होता, पण चार महिने आधी येऊन त्यानं स्वतःच स्वतःची यादी मोडली.

पहिली यादी फिकी तर डबा अडखळतो, याला ठळक अपवाद एकच, प्लेस्टेशन २. ४ मार्च २००० ला जपानात आला तेव्हा त्याची पहिली यादी फिकी होती. पण तो डीव्हीडी चालवायचा, आणि त्या वेळी नुसता डीव्हीडी प्लेअरही महाग असायचा. ताकदीचा बोलबाला एवढा की एप्रिलमध्ये जपान सरकारनं त्याच्या निर्यातीवर बंधनं घातली. त्यातली चिप क्षेपणास्त्राच्या मार्गदर्शनाला वापरता येईल अशी भीती होती. पुढे तो पंधरा कोटींहून जास्त विकला गेला.

खान्देशात पीएस-टू घरांत कमी आणि पार्लरमध्ये जास्त पोचला. दहा बाय बाराच्या गाळ्यात चार टीव्ही, प्लास्टिकच्या खुर्च्या, तासाला दहा-पंधरा रुपये. नकली डिस्क चालाव्यात म्हणून डब्यांना चिप मारलेली असायची, डिस्क कोऱ्या डीव्हीडीवर उतरवलेल्या. आत शिरलेला प्रत्येक जण आधी विचारायचा, "नवं काय उनं रे भो?" मग दुकानदार पाउच उघडून दाखवायचा. तीच आमची यादी, आणि ती डब्याच्या ताकदीपेक्षा महावितरणच्या वेळापत्रकावर चालायची. ते भारनियमनाचे दिवस होते. वीज जायला पाऊण तास उरला असेल तर सॅन आंद्रेससारखा लांबलचक गेम कोणी लावायचं नाही. कुस्ती, नाहीतर क्रिकेट ०७. सेव्ह करायला आठ एमबीचं मेमरी कार्ड लागायचं, ते दुकानदाराच्या खिशात. एकदा माझा गॉड ऑफ वॉरचा तासाभराचा खेळ असाच गेला. दिवे आल्यावर पुन्हा पहिल्यापासून खेळायला माझ्याकडे पैसे नव्हते, मी खुर्ची दुसऱ्याला दिली. गॉड ऑफ वॉरचा दुसरा भाग तर २००७ च्या मार्चमध्ये याच जुन्या डब्यावर आला, प्लेस्टेशन ३ बाजारात येऊन चार महिने झाल्यावर. सात वर्षांच्या डब्यातून बनवणाऱ्यांनी काय काढलं हे ज्यानं तो गेम पाहिलाय त्याला सांगावं लागत नाही.

प्लेस्टेशन ३ भारतात एप्रिल २००७ मध्ये अधिकृतपणे आला, ३९,९९० रुपयांना. आमच्या ओळखीत तो कोणीच घेतला नाही. त्याची वाट मात्र साऱ्यांनी पाहिली होती, कारण २००५ च्या ई-थ्रीमध्ये किलझोन २ ची एक चित्रफीत दाखवली गेली होती. जग अवाक झालं. नंतर कळलं, ती डब्यावर चाललेली नव्हती, आधीच चितारून ठेवलेली होती. प्रत्यक्ष गेम फेब्रुवारी २००९ मध्ये आला. चांगला आला, पण लोक तोवर शहाणे झाले होते. 'प्रत्यक्ष डब्यावर चित्रित' अशी ओळ आज झलकींच्या खाली दिसते, तिचं मोल त्या प्रसंगानं वाढवलं. सेल नावाच्या त्या प्रोसेसरची कागदावरची ताकद खरीच होती, पण त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहिणं भल्याभल्यांना जड गेलं. पीएस-थ्री परदेशात निघाला त्याच २००६ च्या हिवाळ्यात निंटेंडोचा वी आला. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० धरून तिघांत सर्वांत कमजोर, पण जपान सोडून बहुतेक ठिकाणी खोक्यातच वी स्पोर्ट्स मिळायचा. हात हलवला की टेनिसचा फटका बसायचा, आजोबासुद्धा खेळू शकायचे. वी दहा कोटींच्या वर गेला, पीएस-थ्री त्याच्या मागे राहिला.

आता भाच्याच्या डाव्या रकान्यातला टेराफ्लॉप. सेकंदाला एक लाख कोटी दशांश गणितं म्हणजे एक टेराफ्लॉप. हा आकडा मोजून मिळत नाही, गुणून मिळतो. पीएस-फाइव्हच्या चित्र-चिपमध्ये ३६ विभाग, प्रत्येकात ६४ गणक, प्रत्येक गणक एका ठोक्याला दोन क्रिया करतो, आणि ठोके सेकंदाला जास्तीत जास्त २.२३ अब्ज. गुणा, १०.२८ येतात. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये ५२ विभाग आणि १.८२५ अब्ज ठोके, तिथे १२.१५. भाच्याला मी फोनवर हा गुणाकार करायला लावला, उत्तर जुळल्यावर तो क्षणभर गप्पच झाला. हा आकडा म्हणजे सगळे गणक सगळा वेळ कामात असतील तर गाठता येईल अशी कमाल मर्यादा. मेमरीतून माल वेळेवर पोचला नाही तर गणक रिकामे बसतात, जिनिंगमध्ये कापूस संपला की मशीन नुसतं फिरतं तसे. म्हणून २०२० मध्ये एकाच गेमच्या दोन्ही डब्यांवरच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर बऱ्याचदा फरक शोधावा लागायचा.

आणि यादी? बारा टेराफ्लॉपच्या एक्सबॉक्ससोबत हेलो इन्फिनिट येणार होता. जुलै २०२० ला दाखवला, चित्रं लोकांना आवडली नाहीत, गेम पुढे ढकलला गेला तो थेट डिसेंबर २०२१ पर्यंत. सगळ्यात ताकदवान डबा आपल्या मुख्य गेमशिवाय आला. पीएस-फाइव्हमध्ये ॲस्ट्रोज प्लेरूम आधीच भरून दिलेला होता, फुकट. वाळूवर चालताना, बर्फावर घसरताना रिमोट हातात वेगवेगळा थरथरतो हे दाखवायलाच तो बनवला होता. भारतात हा डबा २ फेब्रुवारी २०२१ ला मिळाला, ४९,९९० ला. आगाऊ नोंदणी जानेवारीत काही मिनिटांत संपली. त्या दुपारी मी पानाला बोट घासत बसलो होतो आणि पान उघडेपर्यंत 'उपलब्ध नाही' आलं.

खान्देशात ताकदीला आणखी दोन मापं आहेत, ती भाच्याच्या वहीत नाहीत. पहिलं उन्हाळ्याचं. या डब्यांच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ५ ते ३५ अंश असं दिलेलं असतं. मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास खेळतो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. दुपारी बारा ते पाच डबा बंद ठेवायचा आणि रात्री कूलरसमोर लावायचा, हा आमच्या घरचा नियम झालाय. दुसरं माप इंटरनेटचं. १०० जीबीचा गेम रोज दीड जीबीच्या पॅकवर उतरवायचा तर ६७ दिवस लागतात. म्हणून डिस्कची खाच असलेला डबा येणार की नाही, हा प्रश्न चोपडा-यावलकडे टेराफ्लॉपपेक्षा मोठा आहे.

ताजं उदाहरण ५ जून २०२५ चं आहे. निंटेंडो स्विच २ आला आणि चार दिवसांत ३५ लाख विकला गेला. सोबत मारिओ कार्ट वर्ल्ड. त्याच पहिल्या यादीत सायबरपंक २०७७ होता, जो डिसेंबर २०२० मध्ये जुन्या पीएस-फोरवर इतका अडखळला होता की सोनीनं तो आपल्या दुकानातून काढून टाकला होता. साडेचार वर्षांनी तोच गेम हातात मावणाऱ्या डब्यावर, ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण आला. इतर कंपन्यांच्या बऱ्याच कार्डांत मात्र गेम नसून नुसती किल्ली आहे, बाकी सगळं इंटरनेटवरून उतरवायचं. आमच्यासाठी तीच अडचण.

सोनीकडून ऑक्टोबर २०२५ मध्ये एवढं कळलं की प्लेस्टेशनची रचना करणारे मार्क सर्नी आणि चिप बनवणाऱ्या एएमडीचे लोक मिळून पुढच्या डब्यासाठी नवं तंत्र घडवताहेत. प्रकाशकिरणांचं गणित करायला वेगळे भाग, मेमरीतली ये-जा कमी करायला सगळ्या माहितीचं आकुंचन. ते तंत्र सध्या फक्त सिम्युलेशनमध्ये आहे आणि डबा काही वर्षांत येईल, असं सर्नींनीच सांगितलं. तारीख नाही, किंमत नाही, गेमचं एकही नाव नाही. भाच्यानं डाव्या रकान्यात या तीन ओळी लिहून घेतल्या आणि विचारलं, "मामा, यात डिस्कचं काही बोलले का?" नाही म्हटल्यावर त्यानं उजव्या रकान्याच्या वर तिसरा रकाना आखला, 'डिस्क' असं लिहून.