शैल हिमनदी

थंड पर्वतप्रदेशांत धोंडे, डबर व बर्फ यांच्या गोठलेल्या मिश्रणाचा, उतारावरून अतिशय संथपणे सरकणारा जिभेच्या आकाराचा ढीग. बर्फ काही मीटर जाडीच्या दगडी थराखाली दडलेला असल्याने वरून पाहणाऱ्यास हा ढीग केवळ दगडांचा वाटतो. पृष्ठभागावर कमानीसारखे वरंबे व सऱ्या असतात. सक्रिय असल्यास पुढची कड सुमारे ३५° किंवा त्याहून तीव्र उताराची असते.

ही संज्ञा रूढ झाली ती भूवैज्ञानिक स्टीफन कॅप्स यांनी अलास्कातील नमुन्यांवर १९१० मध्ये लिहिलेल्या लेखामुळे. उगमाविषयी मात्र दीर्घकाळ वाद आहे. वॉरहाफ्टिग व कॉक्स (१९५९) यांच्या मते कड्यांवरून कोसळलेल्या डबरातील पोकळ्यांत वितळपाणी गोठून व हिम साचून त्याला चिकटपणा येतो आणि पुरेशी जाडी झाली की ते स्वतःच्या भाराने विरूप होत सरकू लागते. यासाठी जमीन वर्षानुवर्षे गोठलेली असावी लागते. उलट, वायोमिंगमधील गॅलिना क्रीक येथे पॉटर यांना (१९७२) डबराखाली खऱ्या हिमनदीचा बर्फ आढळला. म्हणजे काही शैल हिमनद्या या दगडांनी झाकल्या गेलेल्या हिमनद्याच होत. दोन्ही वाटांनी सारखेच रूप घडू शकते. त्यामुळे उगमापेक्षा रूप आणि गती यांवरून व्याख्या करणे अधिक सयुक्तिक ठरते. आल्प्समधील बऱ्याच शैल हिमनद्या काही हजार वर्षे जुन्या असाव्यात.

गती सामान्यतः वर्षाला काही सेंटिमीटर ते एक-दोन मीटर असते. स्वित्झर्लंडच्या एन्गादीन खोऱ्यातील मुर्तेल-कोर्वाच येथे १९८७ मध्ये सुमारे ५८ मी. खोल छिद्र घेण्यात आले. तेथील मापनांतून एक अनपेक्षित गोष्ट समजली : हालचाल साऱ्या जाडीत सारखी विभागलेली नसून तिचा मोठा भाग सुमारे ३० मी. खोलीवरील एका पातळ पट्ट्यात होतो. बर्फ शून्य अंशाच्या जवळ आला की त्यातील न गोठलेले पाणी वाढते, घर्षण घटते व वेग वाढतो. १९९० च्या दशकापासून आल्प्समध्ये अनेक ठिकाणी वेग वाढल्याचे दिसते. ऑस्ट्रियातील आउटर होखएबेनकार येथे १९३८ पासून मापने होत असल्याने हा बदल तेथे विशेष विश्वासाने सांगता येतो.

आतला बर्फ वितळल्यास हालचाल थांबते, ढीग खचतो व त्यावर झाडोरा येतो. असे मृत अवशेष पूर्वी गोठलेली जमीन डोंगरउतारावर किती उंचीपर्यंत खाली होती ते दाखवतात. भारतात लाहूल व लडाखच्या कोरड्या खोऱ्यांत शैल हिमनद्या आहेत.