कृती आणि शोध: सहावी-सातवीच्या गणितात होणारी गल्लत

कागद फाडले, काड्या मांडल्या, वर्ग गजबजला, की शोधातून शिकवणं झालं असं आपण धरून चालतो. बरेचदा ती कृती असते. ओळखायची खूण एकच: पुढचं पाऊल कोण ठरवतं?

त्रिकोणाचे तिन्ही कोपरे फाडून एका रेषेवर शेजारी शेजारी लावायचे, १८०° मिळतात. पायऱ्या शिक्षकांच्या, निष्कर्षही आधीच ठरलेला. ही कृती चांगलीच आहे, दहा मिनिटांत होते. फक्त कोपरे आधी रंगवून हाताने फाडायला लावा. कात्रीने सरळ कापलं तर सुट्या तुकड्यालाही तीन कोपरे होतात आणि मूळचा कोणता, ते मुलांना कळेनासं होतं.

शोधासाठी हा प्रश्न घ्या: १ ते ३० पैकी कोणत्या संख्या दोन किंवा अधिक लागोपाठच्या नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येतात? उदाहरण एकच द्यायचं, ९ = ४ + ५. कोणीतरी ९ = २ + ३ + ४ सुद्धा काढतंच, तिथे थांबून वर्गाला बघू द्या.

सगळ्या पातळ्यांची मुलं एका वर्गात असली की हा प्रश्न फार उपयोगी पडतो. बेरजेत अडखळणारं मूल ५ + ६ = ११ करत सारणी भरतं, आणि ते काम गटाला खरंच लागतं. दुसऱ्याला दिसतं की १ सोडून प्रत्येक विषम संख्या जमते. कोणी म्हणतं, 'सम संख्या जमत नाहीत.' लगेच चूक दाखवू नका, 'सहाचं काय?' एवढंच विचारा. १ + २ + ३ सापडलं की ते विधान मूल स्वतःच मागे घेतं. शेवटी १, २, ४, ८, १६ उरतात. ज्यांचं आधी झालं, त्यांना पुढच्या धड्याची गणितं देऊ नका. 'ह्याच का?' हा प्रश्न द्या. बेरजेत किती संख्या आहेत ते मोजा. ती मोजणी विषम असेल, तर बेरीज म्हणजे मधल्या संख्येची तेवढी पट. मोजणी सम असेल, तर पहिली अधिक शेवटची ही बेरीज विषम येते, आणि तिला मोजणीच्या निम्म्याने गुणलं की एकूण बेरीज मिळते. दोन्हीकडे १ पेक्षा मोठा विषम विभाजक आलाच, आणि २ च्या घातांना तो नसतो. सातवीत हे थोड्यांनाच पूर्ण मांडता येईल, तरी चालेल.

३५ मिनिटांच्या तासिकेत पहिली ५ मिनिटं एकट्याने, १५ मिनिटं तिघातिघांत, उरलेली फळ्यासमोर चर्चेला. एकट्याची पाच मिनिटं गाळली तर हुशार मूल सोडवतं आणि बाकीचे दोघे उतरवून घेतात. गटात लेखणी सावकाश चालणाऱ्याच्या हाती असावी.

शोध फसतो तो बहुधा विसाव्या मिनिटाला. वेळ संपतोय असं वाटून शिक्षक फळ्यावर 'दोनाचे घात' लिहून टाकतात. तिथेच त्याची कृती होते. त्यापेक्षा सारणी फळ्यावर तशीच ठेवा आणि ३२ जमेल का, हा अंदाज वहीत लिहून घरी न्यायला सांगा.