करडईचं की ऑलिव्हचं?

परभणीकडं बाळंतिणीच्या खोलीत शिरलं की आधी ओवा-शेपांची धुरी नाकात जाते, मग तेलाचा वास. आजी पाय लांब करून बसलेली, तिच्या नडग्यांवर बाळ पालथं आणि बाजूला वाटीत घाण्याचं करडईचं तेल. हल्ली वाटीजवळ ऑलिव्हची महागडी बाटलीही दिसते. ‘हर्बल आहे’ म्हणून आणलेली. करडई मग काय कारखान्यात उगवते?

दोन्ही तेलं वनस्पतींचीच, पण कातडीवर त्यांची वागणूक निराळी. तान्ह्या बाळाच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मोठ्यांपेक्षा जवळपास 30 टक्के पातळ असतो. विटांमध्ये गिलावा असावा तशी त्याच्या पेशींमध्ये चरबी असते, तीच ओल धरून ठेवते. हा गिलावा घडायला लिनोलेइक आम्ल लागतं आणि नेहमीच्या करडई तेलात ते 70 टक्क्यांच्या वर असतं. ऑलिव्हमध्ये ओलेइक आम्ल जास्त, ते गिलाव्यात फटी पाडतं. मोठ्या माणसांवर 2013 साली झालेल्या एका अभ्यासात काही आठवडे ऑलिव्ह तेल लावल्यावर हा थर कमकुवत झाला होता. इथं आजी जिंकली.

पण कातडीतून चांगलं आत जातं तसं वाईटही जातं. वजनाच्या मानानं बाळाची कातडी मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट, त्यामुळं मात्राही तेवढी जास्त बसते. सर्दीला म्हणून छातीला कापूर-तेल चोळतात, ते दोन वर्षांखालच्या लेकराला नकोच. कापरानं झटके येऊ शकतात. टाळूवर भुरभुरलेली वेखंडाची पूड श्वासातून आत जाते. धुरीचं काय सांगावं, धूर तो धूरच. लव जावी म्हणून पिठाचा गोळा घासतात. ती लव काही आठवड्यांत आपोआप गळते, लेकराची कातडी मात्र सोलवटते. अंगावर इसब असेल तर तिथं शेंगदाण्याचं तेल किंवा डाळीचं पीठ लावू नये. फाटक्या कातडीतून शरीराची अन्नाशी ओळख झाली तर पुढं त्याचीच ॲलर्जी होऊ शकते.

आणि हळद. वसमतची अस्सल असली तरी पहिल्या आठवड्यात नको. माझ्या पुतणीला चौथ्या दिवशी तपासायला नेलं, तर नर्सनं नाकावर बोट दाबून कावीळ पाहिली, सगळंच पिवळं. तिनं ओल्या कापसानं हळद पुसली, परत दाबलं. खाली खरीच कावीळ होती.