पुनःसंयोजित प्रथिने : निर्मिती व शुद्धीकरण

एखाद्या प्रथिनाचे जनुक जीवाणूत किंवा अन्य पेशीत घालून तिच्याकडून ते प्रथिन तयार करवून घेण्याची आणि बाकीच्या प्रथिनांतून वेगळे काढण्याची पद्धती. जनुके चालू-बंद करणारी प्रथिने पेशीत फार थोड्या प्रमाणात असतात. त्यांचा अभ्यास बहुधा याच मार्गाने होतो.

विदर्भाच्या दृष्टीने यांतले सर्वांत जवळचे प्रथिन बीसीएल११ए. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा भागांतील खेड्यांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक आणि ग्रस्त मोठ्या संख्येने आहेत. ग्रस्त बाळ पहिले काही महिने ठणठणीत असते, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन शिल्लक असते. सहा महिन्यांच्या सुमारास ते ओसरते. मग हातापायांना सूज येते, वेदना सुरू होतात. हे हिमोग्लोबिन बनवणारे गॅमा ग्लोबिन जनुक दाबून ठेवण्यात बीसीएल११एचा मोठा वाटा आहे, हे २००८ मध्ये दिसून आले. ते स्वतः डीएनएवर नेमके कुठे बसते, हे मात्र कळायचे होते.

अशा कामासाठी सबंध प्रथिन लागत नाही. डीएनए पकडणारी तीन ‘झिंक फिंगर’ (जस्ताच्या अणूने आकार टिकवलेले बोटासारखे भाग) पुरतात. त्यांचे जनुक हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या शेपटीसह ई. कोलाय जीवाणूत घालतात आणि आयपीटीजी हे रसायन टाकून निर्मिती सुरू करतात. तापमान १८ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवतात, नाहीतर प्रथिनाच्या गुठळ्या होतात. पेशी फोडून द्रव निकेलच्या स्तंभातून सोडला की हिस्टिडिन निकेलला चिकटते आणि शेपटीवाले प्रथिन अडकते. इमिडाझोल हे रसायन सोडले की ते सुटते. खरी कटकट पुढे आहे. धनभारित झिंक फिंगर जीवाणूचा डीएनए सोबत ओढून आणतात. तो राहिला तर पुढची सगळी मोजणी फसते, म्हणून जास्त मीठ आणि हेपॅरिनचा (डीएनएसारख्या ऋणभारित पदार्थाचा) स्तंभ वापरावा लागतो. धातू पकडणारे ईडीटीए हे रसायन मात्र टाळायचे, ते झिंक फिंगरांतले जस्तच काढून घेते.

शुद्ध प्रथिन डीएनएच्या तुकड्यात मिसळून जेलवर चालवतात. प्रथिन चिकटले की पट्टा मागे राहतो. २०१८ मध्ये बीसीएल११एची जागा निश्चित झाली : गॅमा ग्लोबिनच्या सुरुवातीच्या सुमारे ११५ बेस (डीएनएची अक्षरे) अलीकडचा टीजीएसीसीए हा क्रम. २०१९ मध्ये डीएनएला धरलेल्या या झिंक फिंगरांची स्फटिकरचनाही मिळाली. या जागी जन्मजात बदल असलेल्या काही व्यक्तींत गर्भ हिमोग्लोबिन प्रौढपणीही टिकते, त्याचे कारण यातून उलगडले.

२०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्य झालेला जनुकसंपादन उपचार रक्ताच्या मूलपेशींत बदल करून त्यांपासून बनणाऱ्या तांबड्या पेशींत बीसीएल११एची निर्मितीच घटवतो. त्यासाठी केमोथेरपी आणि मूलपेशी प्रत्यारोपणाची सोय लागते, खर्चही प्रचंड. गडचिरोलीच्या रुग्णाला तो आवाक्याबाहेरचा आहे. त्याला मिळू शकणारे औषध हायड्रॉक्सियुरिया. तेही गर्भ हिमोग्लोबिनच वाढवते, पण रोज घ्यावे लागते आणि वरचेवर रक्त तपासावे लागते.