रुथवेलचा क्रूस : पार्श्वभूमी

दक्षिण स्कॉटलंडमधल्या रुथवेल गावच्या चर्चमध्ये सुमारे साडेपाच मीटर उंचीचा दगडी क्रूस उभा आहे. तो साधारण आठव्या शतकातला. रुंद बाजूंवर येशूचे पाय केसांनी पुसणारी स्त्री, रानात त्याला ओळखणारे पशू. अरुंद बाजूंवर द्राक्षवेल, तिची फळे टिपणारे पक्षी आणि कडेने रून या प्राचीन जर्मानिक लिपीतल्या ओळी. त्या ओळींत क्रूस स्वतःच बोलतो, येशूचा भार पेलल्याची व्यथा सांगतो.

खरा वाद मात्र फार पुढच्या काळातला : मोडलेला क्रूस पुन्हा उभा करताना तिथल्या पाळकांनी त्याला नवे हात जोडले, ते योग्य होते का? 1640 मध्ये स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेने मूर्तिपूजेची स्मारके पाडायचा ठराव केला आणि 1642 मध्ये हा क्रूस पाडला गेला. तुकडे चर्चमध्ये पडून राहिले, पुढे आवारात गेले. एक तुकडा तर कबर खणताना सापडला : एक गरीब जोडपे एक-दोन दिवसांच्या अंतराने वारले, दोघांना एकत्र पुरायचे म्हणून खड्डा नेहमीपेक्षा खोल घेतला, तेव्हा कोकराचे शिल्प असलेला दगड लागला.

1802 मध्ये तिथल्या पाळकांनी तुकडे आपल्या घराच्या बागेत नेऊन उभे केले. आडवा दगड काही मिळाला नव्हता. 1823 मध्ये त्यांनी तो स्थानिक गवंड्याकडून नवा घडवून बसवला. म्हणजे आज डोळ्यांत भरणारे दोन्ही हात एकोणिसाव्या शतकातले आहेत. काही अभ्यासकांच्या मते मुळात हा नुसता स्तंभ असावा आणि वरचा भाग नंतर चढवला असावा; नव्या हातांमुळे तो प्रश्नच झाकला जातो. आक्षेप रास्त आहे. पण पाळकांवर होणारी टीका मला अन्यायाची वाटते. क्रूसावरच्या जुन्या इंग्रजीतल्या रून ओळींचा अर्थ 1840 च्या सुमारास उलगडला, इटलीत व्हेर्चेल्लीला सापडलेल्या हस्तलिखितातल्या कवितेशी त्या जुळल्या. पाळकांपुढे ही माहिती नव्हतीच. त्यांनी तुकडे गोळा केले नसते, तर वाद घालायला दगडच उरला नसता. शेंड्याचा दगड मात्र त्यांच्या हातून पुढचा मागे असा उलटा बसला. ती चूक ढोबळ आहे, आणि अजून तशीच आहे.

1887 मध्ये क्रूस बागेतून चर्चमध्ये आणला. त्यासाठी इमारतीला मुद्दाम अर्धगोल दालन जोडले आणि एवढी उंची मावावी म्हणून तिथली जमीन खोल खणली.