एका पीसीच्या दोन नोंदी कुठून येतात? थोडी मागची हकीकत

डुप्लिकेट एन्ट्री हा शब्द आपण दोन उलट्या भानगडींसाठी वापरतो, अर्धा घोळ तिथूनच सुरू होते. एक पीसी आणि कन्सोलवर (सगळे पीसी एका जागेवरून पाहायच्या स्क्रीनवर) नोंदी दोन, ही एक भानगड. दुसरी म्हणजे पीसी दोन आणि नोंद एकच, सकाळी त्या ओळीत अकाउंटचा पीसी दिसते आणि दुपारी वजनकाट्यावरचा. पहिलीत जुनी नोंद काढली की काम भागते. दुसरीत कितीही डिलीट करा, संध्याकाळी परत हजर.

ही दुसरी भानगड जुनी आहे. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टचं एसएमएस आलं (मोबाइलवालं नाही, ऑफिसातले सगळे पीसी एका जागेवरून सांभाळायचं, पुढं ज्याचं एससीसीएम झालं ते), १९९६ मध्ये डिस्कची इमेज म्हणजे हुबेहूब नक्कल काढणारं घोस्ट आलं आणि मग काय, एक मशीन नीट बसवायची, तिची इमेज काढायची आणि बाकीच्यांवर ओतायची. आपल्याकडं नागपूरच्या बर्डीवरून असेम्बल करून आणलेले वीस पीसी एका दिवसात तयार व्हायचे ते असेच. पण इमेजसोबत एजंटची (पीसीवर बसून सर्व्हरशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) ओळखसुद्धा उतरते, ती विंडोज फोल्डरातल्या एसएमएससीएफजी डॉट आयएनआय फाइलमध्ये आणि एजंटच्या सर्टिफिकेटमध्ये असते. इमेज काढण्याआधी एजंट थांबवून हे दोन्ही उडवलं नाही तर वीसही पीसी एकाच ओळीसाठी भांडतात. डब्ल्यूएसयूएसमध्ये (ऑफिसातल्या पीसींना विंडोज अपडेट वाटणाऱ्या सर्व्हरमध्ये) तोच प्रकार, तिथं सस-क्लायंट-आयडी हा ओळख नंबर सारखा असला की मशीन यादीत येते आणि जाते.

आता एसआयडीचं, म्हणजे विंडोज प्रत्येक मशीनला देते त्या ओळख नंबरचं प्रकरण, कारण यावर आजही वाद होतात. क्लोन केल्यावर मशीनचा एसआयडी बदलायला न्यूएसआयडी नावाचं छोटं टूल होतं, सगळ्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये असायचं. नोव्हेंबर २००९ मध्ये ते बनवणाऱ्यानंच मागं घेतलं. त्याचं म्हणणं असं, की मशीनचा एसआयडी मशीनच्या बाहेर जातच नाही, डोमेनमध्ये (ऑफिसच्या एकत्र लॉगिन व्यवस्थेत) प्रत्येकाला वेगळा एसआयडी मिळतेच, मग दोन मशीनचा सारखा असला तर बिघडते काय? त्या वेळच्या विंडोजसाठी हे बरोबर होतं. पण त्याच लेखात हेही होतं की मायक्रोसॉफ्टचं धोरण सिसप्रेपचंच (इमेज काढण्याआधी मशीनची ओळख पुसणाऱ्या विंडोजच्याच टूलचं) आहे, कारण सिसप्रेप एसआयडीसोबत बाकीही बऱ्याच गोष्टी साफ करते. ते वाक्य काहून कोणी वाचलं नाही, देव जाणे. लोकांनी फक्त "एसआयडीनं काही होत नाही" एवढं उचललं आणि सिसप्रेप सोडून दिलं. माझं मत विचाराल तर टूल काढणं चूक नव्हतं, पण आळशी माणसाच्या हाती आयतं कारण आलं, आणि त्यात मीही होतो.

सोळा वर्षं ते चाललं. मग २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटांनी विंडोज ११ च्या २४एच२, २५एच२ आणि सर्व्हर २०२५ वर एसआयडीची तपासणी लावली. दोन मशीनचे एसआयडी सारखे असले की केर्बेरॉस आणि एनटीएलएम (विंडोजच्या ओळख पटवायच्या दोन पद्धती) लॉगिन फेल, शेअर फोल्डर उघडत नाही, रिमोट डेस्कटॉप लागत नाही. पासवर्ड बरोबर टाकूनही चूक दाखवते, म्हणून लोक पासवर्ड बदलत बसले. पक्का उपाय एकच, मशीन नीट सिसप्रेप करून नव्यानं उभी करायची.

हार्डवेअरच्या खुणांनीही दगा दिलाच. पावसाळ्यात वीज पडून लॅन पोर्ट उडाला की आपण यूएसबीवालं लॅन लावतो, आणि त्याच एका डोंगलनं दहा मशीनवर विंडोज टाकतो. मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर) डोंगलचा असते, मशीनचा नाही, त्यामुळं सर्व्हरला वाटते जुनीच मशीन आली. स्वस्त बोर्डांचा सिरीयल नंबर पाहा, "टू बी फिल्ड बाय ओईएम" (बनवणाऱ्यानं भरावं) असंच लिहिलेलं, यूयूआयडी हा बोर्डाचा ओळख नंबरसुद्धा कित्येकांचा सारखा. एससीसीएमच्या १६१० आवृत्तीत असे मॅक आणि यूयूआयडी दुर्लक्षित करायची यादी आली तेव्हा कुठं हायसं वाटलं.

क्लाउडमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा या ऑनलाइन नोंदवहीत, पहिली भानगड (पीसी एक, नोंदी दोन) जास्त. माणसानं स्वतःच्या हातानं ऑफिसचं अकाउंट जोडलं की रजिस्टर्ड अशी एक नोंद होते, मागून डोमेनकडून हायब्रिड जॉइन्ड (डोमेन आणि क्लाउड दोन्हीला जोडलेली) अशी दुसरी. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून रजिस्टर्डवाली आपोआप निघते, त्याआधीच्या मशीनवर हातानंच काढावी लागायची.

आणि इन्ट्यूनचा (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरून पीसी सांभाळायच्या सेवेचा) साफसफाईचा नियम, म्हणजे बरेच दिवस न दिसलेल्या पीसीची नोंद काढायचा, जपून लावा. जिनिंग (कापसातून सरकी काढायचा कारखाना) उन्हाळ्यात बंद होते, काट्यावरचा पीसी कापडाखाली झाकून पडते. आमच्या एका ठिकाणी नियम ठेवला होता ३० दिवसांचा, नोंद गायब. दिवाळीत कापूस आला, पीसी चालू केला, की नोंद परत उगवली. तेवढं ठीक होतं, पण मधल्या काळात एन्ट्रामधली नोंद तशीच होती, आणि ती कोणीतरी "जुनी दिसते" म्हणून डिलीट केली, बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) की तिच्यावरच होती.