टायमिंग खुणा (फियाट 124 स्पायडर)

फियाट 124 स्पायडर या इटालियन स्पोर्ट्स कारचा टायमिंग बेल्ट (इंजिनाचे शाफ्ट एका लयीत फिरवणारा दातेरी पट्टा) बदलताना क्रँकशाफ्ट (पिस्टनांच्या हालचालीने फिरणारा मुख्य शाफ्ट), दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे शाफ्ट) आणि सहायक शाफ्ट यांच्या पुल्या एकमेकींशी जुळवण्यासाठी इंजिनावर ठेवलेल्या निशाण्या. ही गाडी 1966 साली तुरिनच्या मोटार प्रदर्शनात आली आणि 1985 पर्यंत बनत राहिली. बॉडी पिनिनफारिनाची, तर इंजिन पूर्वी फेरारीत काम केलेल्या ऑरेलिओ लाम्प्रेदी यांचे. दातेरी बेल्ट त्याआधी जर्मनीच्या ग्लास 1004 मध्ये आला होता. पण दोन ओव्हरहेड कॅम, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसवलेले कॅमशाफ्ट, बेल्टने फिरवणारे आणि मोठ्या संख्येने बनलेले इंजिन म्हणून लाम्प्रेदींच्या इंजिनाचाच मान पहिला. 1438 घसेंमीपासून (घन सेंटिमीटर, म्हणजे सीसी) 1995 घसेंमीपर्यंत ते वाढत गेले, तरी खुणा जुळवण्याचे तत्त्व बदलले नाही.

मुंबईत कुर्ल्याला बनलेली प्रीमियर 118 एनई ही 124 च्याच सलूनवर बेतलेली होती. तिच्यात इंजिन मात्र निस्सानचे ए12, म्हणजे बेल्टऐवजी चेनने कॅम फिरवणारे. त्यामुळे 124 ची बॉडी हाताखालून गेलेल्या आपल्याकडच्या मेकॅनिकांचा या बेल्टशी त्या गाडीमुळे कधी संबंध आला नाही.

क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. हे प्रमाण पुल्यांचे दात सांभाळतात. नेमक्या कोणत्या क्षणी कोणता व्हॉल्व्ह उघडायचा, हे खुणा ठरवतात. या इंजिनात चूक महागात पडते. टायमिंग बरेच सरकले तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, आणि बेल्ट काढलेला असताना एकच कॅम फिरवला तर दोन्ही बाजूंचे (आत घेणारे आणि बाहेर सोडणारे) व्हॉल्व्ह एकमेकांनाही भिडू शकतात.

क्रँकच्या पुलीवर एक खाच असते आणि पुढच्या कव्हरवर 10, 5 व 0 अंशांच्या तीन रेघा. खाच शून्याशी आली की पिस्टन टीडीसीला, म्हणजे सर्वांत वर. गोची अशी की बेल्टपर्यंत पोचायला ते कव्हरच काढावे लागते, आणि त्याच्याबरोबर रेघाही जातात! म्हणून कव्हर उतरवण्याआधीच क्रँक टीडीसीला आणून ब्लॉकवर रंगाने आपली खूण करून ठेवणे शहाणपणाचे. कव्हर हरवलेले किंवा दुसऱ्याच गाडीचे असेल, तर प्लगच्या भोकातून डायल गेज (बारीक अंतर मोजणारे घड्याळी उपकरण) सोडून पिस्टनची खरी उंची मोजणे हाच भरवशाचा उपाय.

कॅमच्या पुल्यांवर कडेजवळ बारीक भोक असते. दोन्ही भोके पुल्यांमधल्या ब्रॅकेटच्या टोकांसमोर यायला हवीत. तेल-मळीच्या थराखाली ती दिसत नाहीत. आधी पुली पुसून घेतली तर निम्मी शोधाशोध वाचते. नवख्यांना गोंधळात टाकणारी बाब पुढेच आहे: या खुणा जुळतात तेव्हा कॉम्प्रेशनला, म्हणजे मिश्रण दाबून ठिणगी पडण्याच्या बेतात, पहिला नव्हे, चौथा सिलिंडर असतो. पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर येत असल्याने क्रँककडे पाहून हे कळत नाही. डिस्ट्रिब्युटरचा (प्रत्येक प्लगला पाळीने वीज पोचवणाऱ्या भागाचा) फिरता रोटर चौथ्या प्लगच्या वायरीकडे वळलेला आहे का, ते पाहावे.

सहायक शाफ्टकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तो ऑइल पंप फिरवतो, काही वर्षांच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरही. तेवढ्यावर भागले असते तर दुर्लक्ष चालून गेले असते. पण पेट्रोल पंप ढकलणारा उंचवटाही याच शाफ्टवर आहे, आणि लांब स्ट्रोकच्या (पिस्टनची वर-खाली धाव जास्त असलेल्या) इंजिनांत शाफ्ट चुकीच्या जागी बसला तर तो उंचवटा दुसऱ्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडला (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याला) लागू शकतो. त्यामुळे याही पुलीची जागा पाहूनच बेल्ट चढवावा.

जुना बेल्ट काढण्यापूर्वी बेल्टवर आणि पुल्यांवर व्हाइटनरचे ठिपके देऊन तेच नव्या बेल्टवर उतरवण्याची पद्धत सर्रास चालते. ती सोयीची आहे, पण आधीच्या माणसाने एक दात चुकवला असेल तर ती चूकही इमानाने पुढे नेते. ठिपके जरूर द्यावेत, निर्णय मात्र कंपनीच्या खुणांवर घ्यावा. बेल्ट आधीच तुटलेला असेल, तर क्रँक टीडीसीपासून पाव फेरा दूर न्यावा. त्या स्थितीत चारही पिस्टन मध्यावर असतात आणि कॅम जागेवर आणताना निदान पिस्टनचा धोका राहत नाही. मग क्रँक जवळच्या बाजूने टीडीसीला परत आणावा.

बेल्ट चढल्यावर टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाच्या) स्प्रिंगला ताण घेऊ द्यावा आणि क्रँकच्या नटला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. उलटे फिरवू नये. ढिलाई टेन्शनरच्या बाजूकडून सरकते आणि बेल्ट दात सोडू शकतो. मध्ये कुठे कडक अडथळा लागला तर जोर न लावता थांबावे. दोन फेऱ्यांनंतर सगळ्या खुणा परत समोरासमोर आल्या की टेन्शनरचा नट आवळावा. हेडचे फेसिंग झालेल्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचा तळ घासून सपाट केलेल्या, इंजिनात कॅम किंचित खाली आलेले असतात, त्यामुळे भोके टोकांपासून थोडी हटलेली दिसतात. हा फरक एका दातापेक्षा कमी असतो आणि बेल्ट दात बदलून तो मिटत नाही. त्यासाठी जुळवता येणाऱ्या कॅम पुल्या वापरतात.